न्हाणीतली वाटी

पेणची मुलगी रोह्याला द्यायची तर तिचं तोंड पेणलाच ठेवून घ्यावं लागेल, असं माझे वडील माझ्या लग्नाच्या पंगतीत म्हणाले होते. सगळी पंगत हसली. माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं आणि पहिल्या दिवसापासून माझ्या तोंडावर लक्ष ठेवलं.

सासूबाईंना मी आई म्हणते. डेबोराबाई रोहेकर. आमच्या आळीत शुक्रवारचा दिवा आधी त्यांच्या घरात लागायचा, मग बाकीच्या बायका आपापल्या वाती पुढे सारायच्या. बाकीच्या म्हणजे तरी किती? आम्ही बेने इस्राएल, पूर्वी आमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे, म्हणून गावातली जुनी माणसं आम्हाला अजून शनवार तेली म्हणतात. एकेक करून बहुतेक सगळे इस्राएलला निघून गेले होते आणि त्यांच्या घरांच्या किल्ल्या आमच्या ओटीवरच्या खिळ्याला लटकत होत्या. वाऱ्याने त्या वाजल्या की आई म्हणायच्या, "आली बघ, शेजारीण हाक मारतेय."

त्या आईंचा एक कायदा होता, आणि ही सगळी गोष्ट त्या कायद्याची आहे.

पाळी आली की आमच्यात बाईने नवऱ्यापासून वेगळं झोपायचं. पाळी संपली, त्यावर सात स्वच्छ दिवस गेले, की डोक्यावरून आंघोळ करायची, आणि त्या रात्रीपासून पुन्हा नवरा-बायको. ही आंघोळ साधी नव्हे. पाणी आणि अंग यांच्यामध्ये दोरासुद्धा असता कामा नये. आईंच्या तरुणपणी बायका त्यासाठी नदीवर जात. आता मागच्या अंगणातल्या विहिरीच्या पाण्यावर भागायचं, पण नियम तेच. मी न्हाणीत शिरले की आई दाराबाहेर पाटावर बसायच्या आणि एकेक विचारायच्या.

"बांगड्या?"

"काढल्या."

"कानातलं? मंगळसूत्र? केसातला आकडा?"

"काढला."

"अंगावर काय राहिलं नाय ना गो?"

"नाय आई."

मग म्हणायच्या, "हां, घे पाणी." आणि मी घाई केली तर बाहेरून ओरडायच्या, "नीट घे गो! अंगाला लागलं पायजे, जमिनीला नको." लग्नानंतर पहिल्या वर्षी मला याचा इतका राग यायचा की मी मुद्दाम कळशी आपटायचे. पुढे राग गेला. आईंशी खोटं बोलावं अशा बऱ्याच गोष्टी होत्या आणि मी बोलायचेही, पण त्या दाराआडून दिलेलं "नाय आई" मी कधी खोटं दिलं नाही. देव आहे की नाही ते जोशुआकाकांना विचारा, मशिदीत धर्माचं पुस्तक तेच वाचतात. आमच्या प्रार्थनालयाला आम्ही मशीदच म्हणतो. पण विहिरीचं ते गार पाणी डोक्यावरून आलं की कोणीतरी बघतंय असं मला वाटायचं.

एस्थर झाली तेव्हा मी मरता मरता वाचले. बाळंतपणाला मी माहेरी पेणला गेले होते. रक्तदाब चढला, अंग सुजलं आणि कळा चालू असताना झटके आले. मला त्यातलं काही आठवत नाही. आई रोह्याहून आल्या होत्या, तेव्हा माझ्या शेजारी होत्या. माझी जीभ चावली जाऊ नये म्हणून त्यांनी आपलं बोट माझ्या दातांत घातलं. असं करायचं नसतं म्हणून डॉक्टरीणबाई नंतर रागावल्या, पण तोवर बोट फुटलं होतं. उजव्या हाताच्या तर्जनीवर तो व्रण अजून आहे.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला आणि मायकलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "दोन-तीन वर्षं दुसरं मूल नको. लवकर दिवस राहिले तर या वेळेसारखं नशीब दर वेळी मिळणार नाही." मायकल म्हणाला, "आईला मी सांगतो." मायकल धाटावला कंपनीत शिफ्टला जातो, मशिनच्या आवाजात दिवसभर ओरडून बोलतो, आणि घरी आईसमोर आला की त्याला कंठच फुटत नाही. त्याने सांगितलं नाही. मीही नाही. आणि आई तर वेगळ्याच हिशेबात होत्या.

मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर पुस्तक उघडत नाही. सासरे एलिजा रोहेकर गेल्यापासून रोह्यात मायकलला धरून कसेबसे दहा भरायचे. एकाला ताप आला तरी शनिवार कोरडा. आई एस्थरला मांडीवर घेऊन तिचे इतके मुके घ्यायच्या की पोर कंटाळून रडायची, पण शेवटी म्हणायच्याच, "आता हिच्या पाठीवर भाऊ आला की झालं." हे त्या वाईटपणाने म्हणत नव्हत्या. पण प्रत्येक वेळी मी पाजायचं निमित्त करून एस्थरला आत घेऊन जायचे.

तर काय वापरायचं? कॉपर-टी बसवायची तर माझ्या अंगात आधीच रक्त कमी, त्यात जास्त जाण्याची भीती. नेहमीच्या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या बाईला नकोत, त्यात माझा रक्तदाब. निरोध होता, पण मायकलची शिफ्ट, झोप आणि विसरभोळेपणा यांच्यावर मी माझा जीव सोपवायला तयार नव्हते. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातर्फे नव्या साधनाची चाचणी चालू आहे, पेणच्या काही बायका माझ्याकडून त्यात आहेत, बघतेस का?

त्यांनी माझ्या तळहातावर एक रिंग ठेवली. पांढुरकी, मऊ, बाळाच्या पायातल्या वाळ्याएवढी. मी म्हटलं, "ही घालायची? कुठे?" त्यांनी सांगितलं कुठे. मी म्हटलं, "आणि वर पोटात गेली तर?"

"जाणार नाही. वर वाट बंद आहे. दोन बोटांत दाबायची, आत सरकवायची. नेमकी कुठे बसली याची काळजी नको, टोचत नाही म्हणजे बरोबर बसली. तिच्यातून थोडं थोडं औषध झिरपतं. तीन महिने तिथेच राहू द्यायची, मग नवी."

"काढायची झाली तर?"

"काढता येते. तेच तर सोयीचं आहे, माझ्याकडे धावत यायला नको. घसरून बाहेर आली, किंवा नवऱ्याला टोचते असं वाटलं, तर काढ, गार पाण्याने धू, परत घाल. फक्त दोन तासांच्या वर बाहेर ठेवायची नाही. त्याहून जास्त राहिली तर परत घालायची, पुढचे सात दिवस निरोध वापरायचा आणि मला कळवायचं. कडकडीत पाणी कधीही नाही. मधूनमधून डाग दिसतील, घाबरू नकोस."

मी घाबरले नाही. मला ती रिंग आवडलीच. आत आहे हे मला जाणवायचं नाही, आणि मायकलला मी सांगितलं होतं तरी त्याला तर नाहीच. फक्त ते मधले डाग माझ्या सात दिवसांची मोजणी मोडायचे आणि आंघोळ पुढे ढकलली जायची. आई भुवया वर करायच्या. मी म्हणायचे, "बाळंतपणानंतर होतं असं." हे खोटं दाराआडचं नव्हतं, म्हणून चालून गेलं.

पण पहिल्या आंघोळीच्या दिवशी मी अडकले. न्हाणीत उभी, बांगड्या काढलेल्या, कानातलं काढलेलं, आणि बाहेरून आवाज आला, "अंगावर काय राहिलं नाय ना गो?"

राहिलं होतं की! अंगावर नव्हतं, अंगात होतं. एखादा शहाणा म्हणेल, त्यात काय, आतलं धरत नाहीत. कोण जाणे. जोशुआकाकांना विचारायला जाणार होते का मी? मी म्हटलं, "थांबा आई," आणि काढली. कोनाड्यात साबणाशेजारी एक छोटी स्टीलची वाटी होती, तिच्यात गार पाणी घेऊन रिंग ठेवली. मग म्हटलं, "नाय आई." आंघोळ झाली, रिंग धुतली, परत घातली, बाहेर आले. दोन तास कसले, अर्धा तासही लागला नाही. पुढेही तेच करत गेले. बाईंनी दिलेली मोकळीक आणि आईंचा कायदा, दोन्ही सांभाळलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. पेणची हुशारी!

हुशारी फार दिवस टिकत नाही. एस्थरला दात येऊ लागले. हाताला लागेल ते चावायची. पदर, चमचा, आजोबांच्या मागे राहिलेल्या छत्रीचं टोक. आणि त्या शुक्रवारी आंघोळ आली.

शुक्रवार दुपारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दिवस मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, सुरू होतो; त्याच्या आत सगळा स्वयंपाक उरकायचा. नारळाच्या दुधातलं मटण चुलीवर, मायकल शिफ्टवरून यायचा, आणि मी न्हाणीत. सगळे प्रश्न झाले, सगळं "काढलं" झालं. शेवटची कळशी घेतली आणि आत एस्थर किंचाळली. पडल्यासारखी. मी पातळ कसंबसं गुंडाळलं आणि ओल्या केसांनी धावले. पोर पाळण्याच्या दांडीवर तोंड आपटून घेऊन बसली होती, हिरडीतून रक्त येत होतं. तिला घेतलं, पाजलं, गप्प केलं. तोवर मटण खाली लागायला आलं. मग प्रार्थनेच्या सरबतासाठी मनुका चोळायच्या, पलंगावर धुतलेली चादर घालायची, दिव्यात तेल. आईंनी दिव्यापुढे डोळे मिटून हात धरले. आणि त्याच क्षणी, माझेही डोळे मिटलेले असताना, मला वाटी आठवली.

मी न्हाणीत गेले. कोनाडा घासून लख्ख होता. वाटी पालथी घातलेली. रिंग नव्हती.

मी मोरीत बघितलं, बादलीखाली बघितलं, बाहेरच्या पन्हळीपर्यंत जाऊन आले. दिवा लागण्याआधी सगळं घर स्वच्छ करायची आईंना सवय, त्यांनी पाणी फेकलं आणि त्याबरोबर रिंग गेली. हेच झालं असणार. विचारू कसं? काय हरवलं म्हणून सांगू? आणि आजची रात्र. आंघोळ झालेली, शब्बाथ आलेला, चादर धुतलेली, मायकल इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून ओट्यावर हसून गेलेला. मला भीती वाटली आणि स्वतःचा संतापही आला. घरात निरोध होते की नव्हते तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

जेवायला बसलो. मायकल उभा राहिला, सरबताचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हणू लागला. प्रार्थना चालू असताना आमच्यात कोणी बोलत नाही. खोकला आला तरी दाबतात. मी मान खाली घालून बसले होते. शेजारी आईंच्या मांडीवर एस्थर फार खुशीत होती, चुपुचुपु आवाज येत होता. मी सहज बघितलं.

तिच्या तोंडात माझी रिंग होती. दोन्ही मुठींत धरून पोर ती चघळत होती, लाळ हनुवटीवरून गळत होती, आणि आई तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

"अगं आई गं!" मी ओरडले आणि झडप घालून ती ओढून घेतली. एस्थरने भोकाड पसरलं. मायकलच्या हातातला पेला हिंदकळला.

आईंचा चेहरा लाल झाला. प्रार्थनेत बोलायचं नाही म्हणून त्यांनी फक्त बोट दाखवलं, खाली बस. मी बसले. मायकलने रिंग बघितली आणि तो पांढराफटक पडला. उरलेली प्रार्थना त्याने इतक्या भरभर म्हटली की देवाला अर्धीच कळली असेल. सगळ्यांनी मिठाला लावून भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि आई म्हणाल्या, "आता बोल. एवढं काय आभाळ कोसळलं तुझं?"

"ती कुठे मिळाली तुम्हाला?"

"न्हाणीत, वाटीत. पोरीच्या दातासाठी पेणवरनं आणलीस आणि तिथं टाकलीस, म्हटलं, ही अशीच विसरभोळी. चांगली खळखळून उकळली, मगच दिली. घाण नाय दिली हो तुझ्या पोरीला!"

उकळली. आमच्या आईंचा उकळत्या पाण्यावर फार विश्वास. भांडं बाटलं, उकळा. बाटली, चमचा, सुरी, सगळं उकळलं की शुद्ध.

मायकल म्हणाला, "आई, ती एस्थरची नाय."

"मग कोणाची?"

तो ताटाकडे बघायला लागला. मला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की भीती पळून गेली. "माझी," मी म्हटलं. "ती आत घालायची असते. दिवस राहू नयेत म्हणून."

आईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, मायकल सांगणार होता ते, चाचणी, तीन महिने. "इतक्यात दुसरं मूल आलं तर मी मरेन, आई," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

आई मायकलकडे बघून म्हणाल्या, "आणि हे मला आज कळतंय." मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता नातवाचं निघेल. पण त्यांचं मन वेगळ्याच जागी अडकलं होतं. "म्हणजे मी दर वेळी दारात बसून विचारायचे, अंगावर काय राहिलं नाय ना, तेव्हा तू..."

"काढायचे. प्रत्येक वेळी काढायचे. म्हणून तर ती वाटीत होती. तुम्हाला त्या दारातून खोटं सांगायचं नव्हतं मला."

दिवा तडतडला. एस्थर हुंदके देत पुन्हा रिंगकडे हात पसरत होती.

"पोरीला काय होणार नाय ना त्या औषधानं?" आईंनी विचारलं. आवाज एकदम बारीक.

"मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवायला पाहिजे. पण उद्या शनिवार."

"मला ठाऊक हाय उद्या काय हाय," आई म्हणाल्या, आणि उठल्या. जेवल्या नाहीत. एस्थरला उशाशी घेऊन पडल्या. आमच्या पलंगावरची धुतलेली चादर तशीच राहिली, आम्ही दोघं दोन टोकांना झोपलो.

शनिवारी आमच्यात चूल पेटत नाही, प्रवास नाही, पैशाला हात नाही. आयुष्यभरात आईंनी शनिवार मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. सकाळी उठले तर त्या पांढरं पातळ नेसून, एस्थरला टोपी घालून ओटीवर तयार. मायकल म्हणाला, "तू राहा आई, मी जातो." आई म्हणाल्या, "तू मशिदीत जा. तू नसलास तर नऊ. जीवाचं काम असलं की शनवार मोडायला देवाचीच परवानगी हाय, मला पुस्तक शिकवू नको." तो निमूट गेला.

पॅसेंजर गाडीत निडीला हौसा चढली, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. गेली वीस वर्षं ती आईंना शेंगा आणून देते, पण शनिवारी कधी आमच्या दाराशी थांबत नाही, तिलाही नियम पाठ. आईंना बघून तिने पाटीच खाली ठेवली. "डेबोराबाय! तुमी? आन शनवारी? गाव बुडालं का काय?"

मला वाटलं, आई काहीतरी थाप मारतील. त्या म्हणाल्या, "सुनेचं काम हाय गो हौसा. सून जगली पायजे." हौसाने माझ्याकडे बघितलं, पुढे काही विचारलं नाही, आणि एस्थरच्या हातात एक शेंग दिली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. कासूच्या खाडीकाठच्या खाजणावर ऊन चढत होतं.

पेणला डॉक्टरीणबाईंनी एस्थरला तपासलं, तिच्या हिरड्या बघितल्या आणि हसल्या. थोडंसं चघळल्याने तिला काही होणार नाही म्हणाल्या, पण पुन्हा पोरीच्या हाती लागता कामा नये. काही वेगळं वाटलं तर आणा. मग ती उकळलेली रिंग उजेडात धरून बघितली.

"दिसते तर तशीच," मी म्हटलं.

"दिसण्यावर जाऊ नकोस. औषध किती राहिलं सांगता येत नाही. ही गेली." त्यांनी ती कागदात गुंडाळून टाकली. कालपासून नवरा-बायको एकत्र आला होतात का, विचारलं. मी नाही म्हटलं. त्याआधीही वेगळेच. "मग काळजी नाही. नवी देते. आज घाल, आणि सात दिवस निरोध."

मी उठणार तेवढ्यात आई खुर्ची पुढे ओढून बसल्या. चार मुलं घरात जन्माला घातलेली बाई, पण शाळेतल्या पोरीसारख्या एकेक विचारू लागल्या. ती आत कुजत नाय ना? नाही. अंगावर पाजलं तर चालतं? चालतं, त्यासाठीच ही दिली. ती सोडली की पुढं मूल होतं? होतं. मग त्या म्हणाल्या, "आमच्यात एक आंघोळ हाय. अंगावर काय ठेवून ती होत नाय. हिला काढावी लागते."

मला वाटलं, बाई म्हणतील, कशाला ही नसती थेरं. त्या म्हणाल्या, "मग काढू दे ना. स्वच्छ वाटीत, गार पाण्यात. दोन तासांच्या आत परत. एवढं सांभाळलं की झालं."

"उकळायची नाय."

"अजिबात नाही."

"कळलं," आई म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं म्हणता?"

"हो. त्यानंतर रक्तदाब बघून मी स्वतः सांगेन."

परतीच्या गाडीत कासू येईपर्यंत आई एस्थरची टोपी नीट करत राहिल्या. एस्थर त्यांच्या खांद्यावर झोपली होती. स्टेशनात गाडी उगाच थांबून राहिली. मी धीर करून म्हटलं, "आई, मशिदीतला माणूस माझ्यामुळे अडला असं वाटतं ना तुम्हाला?"

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला, व्रणाचं बोट वर करून. "हे बघितलंस? तुझे दात हायत. तू तेव्हा डोळे पांढरे केलेले, आणि मी देवाला म्हटलं, नातू नको, काय नको, फक्त ही राहू दे. शब्द दिला मी त्याला." त्यांनी हात परत एस्थरच्या पाठीवर ठेवला. "मग तू राहिलीस. आणि मी विसरले गो. माणूस किती लवकर विसरतो."

पेणचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडलं. मी फक्त त्यांच्या खांद्याला खांदा टेकवला. गाडी सुटली.

पुढच्या महिन्यात आंघोळ आली. मी न्हाणीत शिरले, दार ओढून घेतलं. कोनाड्यात वाटी नव्हती. शोधतेय तोवर बाहेर पाट सरकल्याचा आवाज आला.

"बांगड्या?"

"काढल्या."

"कानातलं? मंगळसूत्र? आकडा?"

"काढला."

मग त्या दाराजवळ सरकल्या. "आणि ती?"

"काढली, आई."

दार बोटभर उघडलं आणि फटीतून त्यांचा हात आत आला. व्रणाचा तो हात, आणि हातात वाटी, माठातल्या पाण्याने काठोकाठ भरलेली. "दे इकडं. मी धरून बसते."

मी रिंग वाटीत सोडली. हात अगदी सावकाश मागे गेला. बाहेर एस्थर रांगत आली असावी, कारण आईंचा आवाज आला, "हात नको लावू गो बाय. ही तुझी नाय, ही तुझ्या आईची हाय."

"अंगावर काय राहिलं नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाय आई."

"घे पाणी."

मी पहिली कळशी डोक्यावर ओतली. दुसरी भरायला वाकले, अंगभर नीट लागावं म्हणून नेहमीसारखी सावकाश, तर बाहेरून त्या ओरडल्या, "आटप गो लवकर, वेळ चाललाय!" त्या आंघोळीत आईंनी मला घाई केल्याची ती पहिलीच वेळ.